साखळीतली दहावी

सकाळी साडेसहाला पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायको, पहिला फोन करायच्या आणि सव्वासातच्या सुमाराला त्यांना शेवटचा फोन यायचा. त्यात एकच शब्द असे, "पोचलं." मधल्या पाऊण तासात अकरा घरांतल्या अकरा बायका एकामागून एक फोन घेऊन, गुडघे टेकून, प्रार्थना करून आणि पुढचीला फोन लावून मोकळ्या झालेल्या असत. चर्चच्या मंडळीत याला प्रार्थना-साखळी म्हणत. नियम सोपे होते. नाव सांगायचं, गरज सांगायची, फोन ठेवायचा. काय झालं, कसं झालं आणि त्यावर त्याची सासू काय म्हणाली, हे विचारायचं नाही. सुरुवातीला विचारायची मुभा होती, तेव्हा साखळी दुपारी बारापर्यंत चालायची आणि प्रार्थनेपेक्षा बातम्याच जास्त पोचायच्या, म्हणून पाळकीणबाईंनी नियम कडक केले.

या साखळीत दहावी होती चष्मेवाली. तिला स्वतःला चष्मा नव्हता. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून काचा घासायची, फ्रेमच्या मापाला आणायची आणि बसवायची. बारीक काम, चुकलं की काच फुकट. अठरा वर्षांत तिच्या हातून फुकट गेलेल्या काचा तिला आठवायच्या, इतक्या त्या थोड्या होत्या. तिला मंडळीत मान होता तो मात्र या कामासाठी नाही, तर गळ्यासाठी. रविवारच्या उपासनेत ती गायला लागली की पेटी वाजवणारा मास्तर निर्धास्त व्हायचा. बाकीचे कितीही भरकटले तरी ही एकटी त्यांना ओढून सुरावर आणते, हे त्याला ठाऊक होतं.

तिच्यापुढे तीन बाक सोडून मुकादम बसायचा. खालचा, जाड आवाज होता त्याचा आणि तोही मनापासून गायचा. पाहुण्यांना वाटायचं, काय सुरेख जमतं या दोघांचं. मंडळीतले लोक मात्र अशा वेळी गाण्याच्या पुस्तकात डोकं घालायचे, कारण सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी चष्मेवालीचा नवरा, रंगारी, परांचीवरून तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडला. जीव वाचला, पण कंबर आणि उजवा पाय कामातून गेले. चौकशी झाली. कामावर मुकादम होता हाच. त्याने सांगितलं की कमरेला बांधायचे सुरक्षेचे पट्टे सकाळीच वाटले होते, रंगाऱ्याने लावला नाही. रंगारी म्हणाला, त्या दिवशी पट्टे मिळालेच नाहीत, सामानाची खोली उघडलीच नव्हती. बाकीच्या कामगारांनी कानावर हात ठेवले. त्यांनाही तिथेच काम करायचं होतं. मालकांनी हात वर केले आणि रंगारी घरी आला तो निष्काळजी माणूस असा शिक्का घेऊन. बावीस वर्षं परांचीवर उभा राहून जो दुसऱ्यांच्या मागे लागायचा, अरे पट्टा लाव, पट्टा लाव, तोच निष्काळजी ठरला. लोक भेटायला यायचे आणि जाताना हळहळायचे की थोडी काळजी घ्यायला हवी होती. ते ऐकलं की चष्मेवालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मंडळी सोडून दुसरीकडे जायचं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण आपण का जायचं, असा उलटा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि ती राहिली. राहिली ती एक व्यवस्था लावून. रविवारी उपासना देवळात, ती सगळ्यांबरोबर, त्यात मुकादम असेल तर असो. तिथे देवाची स्तुती करायची, उभं राहून गायचं, आणि देव कुठे विचारतोय की पुढच्या बाकावर कोण बसलंय. प्रार्थना मात्र घरी, एकटीने, आणि तिथे मुकादमाला प्रवेश नाही. मनातल्या जणू दोन खोल्या आणि मधलं दार लावून घेतलेलं. तीन वर्षं ही व्यवस्था बरी चालली होती.

रंगारी त्यावरही चेष्टा करायचा. त्याला बाकावर तासभर बसवत नसे, म्हणून तो देवळात जात नसे. तो म्हणायचा, "बसून करतात ती उपासना आणि पडून करतात ती प्रार्थना. मला एकच जमते." ती हसायची, पण तिला ते आवडायचं नाही.

मंगळवारी सकाळी सातला तिचा फोन वाजला. साखळीतली नववी म्हणजे बेकरीवाली. तिचा आवाज जरा चाचरत होता. "मुकादम," ती म्हणाली. "काल अर्धांगाचा झटका आलाय. उजवी बाजू आणि वाचा गेलीय. वाचा परत यावी म्हणून." एवढं बोलून नियमाप्रमाणे तिने फोन ठेवला. खरं तर नेहमीपेक्षा जरा घाईनेच ठेवला.

चष्मेवाली स्वयंपाकघरात उभी होती. शेगडीवर चहा होता. तिने गुडघे टेकले नाहीत. चहा उतू जाईपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग शेगडी बंद केली, फडक्याने ओटा पुसला, फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. मनात एकच वाक्य होतं, की मी करणार नाही. माझ्या तोंडून त्या माणसासाठी एक शब्द निघणार नाही.

पण न करून भागणार नव्हतं. तिने पुढे फोन केला नाही तर शेवटचं "पोचलं" पाळकीणबाईंना येणार नाही. मग त्या एकेकीला उलटं विचारत येतील आणि साखळी कुठे तुटली ते पाच मिनिटांत कळेल. तेव्हा फोन तर करायलाच हवा. अकरावी आणि शेवटची होती आत्या. आत्या कुणाची नात्याने नव्हे, सगळ्यांचीच. एके काळी सुईण होती आणि अर्धी मंडळी तिच्याच हातांवर जगात आलेली. आता ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांनी जायबंदी, कानांनी जवळजवळ बंद. कानातलं यंत्र ती बॅटरी वाया जाऊ नये म्हणून डब्यात ठेवायची. फोन मात्र मोठ्या आवाजाचा होता, त्यावर तिला चोख ऐकू यायचं.

"आत्या," चष्मेवाली म्हणाली, आणि पुढे जे बोलायचं ठरवलं होतं ते न बोलता दुसरंच बोलली. "माझा नवरा. कंबर आणि उजवा पाय. दुखणं कमी व्हावं म्हणून."

मग आत्या म्हणाली, "बरं, पोरी," आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी पाळकीणबाईंना "पोचलं" मिळालं असणार, कारण कुणाचाही उलटा फोन आला नाही.

रागाने केलं, हे तर झालंच. पण नुसत्या रागाने नव्हे. रंगारी पडला तेव्हा ही साखळी त्याच्यासाठी रोज चालायची. दोन महिन्यांनी ती आठवड्यातून एकदा झाली. मग त्याचं नाव उपासनेच्या छापील कागदावर शेवटच्या पानावर गेलं, जिथे जुन्या दुखणाईतांची यादी असते. ते पान कुणी वाचत नाही, ते घडी घालून पंख्यासारखं वारा घ्यायला वापरतात. ताजं दुखणं असेल तर देवाला रोज सांगायचं आणि शिळं झालं की पाठीमागच्या पानावर टाकायचं, हा कुठला न्याय, असं तिच्या पोटात किती दिवस होतं. त्या सकाळी ते सगळं एकदम वर आलं.

आतल्या खोलीत जाऊन तिने रंगाऱ्याला चहा दिला आणि बातमी सांगितली. आपण पुढे काय सांगितलं ते नाही सांगितलं, फक्त मुकादमाची बातमी. त्याने कप हातात तसाच धरला.

"वाचा पण गेली?" त्याने विचारलं.

"वाचा पण."

तो चहा संपवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिला वाटलं, बरं वाटलं असेल त्याला. वाटूच दे.

बुधवारी परत फोन आला. गंभीर दुखणं असलं की उतार पडेपर्यंत रोज तेच नाव फिरायचं. "मुकादम, वाचेसाठी," बेकरीवाली म्हणाली. चष्मेवालीने पुन्हा आत्याला नवऱ्याचं नाव दिलं. एकदा सांगितलेलं खोटं दुसऱ्या दिवशी सांगावंच लागतं, नाहीतर कालचं उघडं पडतं, हे तिला फोन उचलताना कळलं. या वेळी आत्याने नियम मोडला. विचारलं, "उजवा पाय गुडघ्यापासून दुखतो की मांडीपासून?" चष्मेवालीने सांगितलं, मांडीपासून. "मग तसं सांगते," आत्या म्हणाली. देवालासुद्धा नेमकं सांगायला हवं, असा तिचा सुईणीचा खाक्या होता.

चष्मेवाली फोन ठेवून रडली. तीन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, नेमकं कुठून दुखतं म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी गाण्याचा सराव होता. जावं की न जावं करत ती गेली. लहानपणापासून ऐकलं होतं की मनात पाप असलं की देवाच्या गाण्याला गळा साथ देत नाही. ती घाबरतच उभी राहिली आणि गळा असा मोकळा सुटला, की पेटीमास्तर वाजवायचं थांबून नुसता ऐकत राहिला. "आज काय खाऊन आलात?" त्याने विचारलं. सगळे हसले. तीही हसली, आणि घरी येताना रस्त्यात तिला दरदरून घाम फुटला. गळ्याला काही कळलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं आपण जी स्तुती करत होतो ती कुठून येत होती? फुफ्फुसातून? बेंबीच्या देठापासून गाणारी ही बाई खोटं बोलते आहे, हे तिच्या गाण्यातून कुणालाही कळलं नव्हतं. पेटीमास्तराला नाही आणि तिला स्वतःलाही नाही.

प्रार्थनेत मात्र तिची डाळ शिजेना. घरी बिछान्याशेजारी बसली की पहिल्या वाक्यालाच मुकादम यायचा. त्याला ढकलून पुढचं बोलायला जावं तर पुढचं काही यायचंच नाही. नवऱ्याचं नाही, दुकानाचं नाही. दार लावून ठेवलेली ती खोली आता आतून रिकामी झाली होती. ती उठायची, पांघरुणाच्या घड्या घालायची, परत बसायची.

शुक्रवारी सकाळी रंगारी म्हणाला, "अगं, दोन दिवस जरा हलकं वाटतंय. उजवी बाजू. काल तर कुशीवर झोपलो."

दुसरी एखादी असती तर देवाचे आभार मानले असते. चष्मेवालीच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. ती फुटली नाही, पण तो चमकून बघायला लागला. चोरलं आपण, तिला वाटलं. मुकादमासाठी निघालेलं आपण मधल्या मध्ये आपल्या घरात वळवून घेतलं. मग तिलाच स्वतःचा राग आला. देव म्हणजे काय टपालखातं आहे, चुकीच्या पत्त्यावर टाकून जायला? दुखणं कमीजास्त होतच असतं, हवा बदलली की होतं. हे सगळं तिला समजत होतं. तरी त्या दिवशी दुकानात तिच्या हातून एकाच दुपारी दोन काचा फुकट गेल्या आणि मालकाने विचारलं, बरं नाही का.

दुकानात दुपारी एक गिऱ्हाईक मुकादमाच्या वस्तीतलं आलं होतं. ते सांगत होतं, माणूस डोळ्यांनी सगळं बघतो, ओळखतो, पण तोंडातून नुसता घरघर आवाज. डाव्या हाताने काहीतरी खुणा करतो, बायकोला कळत नाहीत. मग तो भिंतीवर हात आपटतो. चष्मेवाली मागच्या टेबलावरून सगळं ऐकत होती.

शनिवारी तिने ठरवलं की आज खरं नाव सांगायचं. प्रार्थना मी करणार नाही, पण आत्याला तरी खरं नाव देते. एका बाईची प्रार्थना तरी जिथे जायची तिथे जाईल. फोन लावला. पण ती बोलायच्या आधी आत्याच बोलली. "पोरी, आज मी जेवणार नाही. तुझ्या नवऱ्यासाठी उपास धरलाय. साखर आहे मला, पण एका दिवसाने काही होत नाही." "नको आत्या," एवढंच चष्मेवाली म्हणाली. आत्या म्हणाली, "तू गप्प बस," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी ती रंगाऱ्याच्या पायाला तेल चोळत होती. तो आपण होऊनच बोलला. छताकडे बघत म्हणाला, "तो असाच गेला तर संपलंच."

"काय संपलं?"

"त्या दिवशी पट्टे मिळाले नव्हते हे दोघांनाच पक्कं माहीत आहे. मला आणि त्याला. माझं कुणी ऐकलं नाही. मला वाटायचं, कधीतरी म्हातारपणी, मरायच्या आधी का होईना, तो बोलेल. चार माणसांत नाही, निदान मला तरी येऊन बोलेल. मी त्याचीच वाट बघत होतो. रोज तीच प्रार्थना करायचो. दुसरी काय करणार मी इथे पडून?"

तिचे हात थांबले. मंगळवारी भिंतीकडे तोंड करून तो पडला होता तो बरं वाटून नव्हे, हे तिला आत्ता कळलं. मुकादमाची वाचा परत यावी ही प्रार्थना सगळ्या जगात कुणाला सगळ्यात जास्त हवी असेल, तर ती या खाटेवरच्या माणसाला. आणि पाच दिवस ती रोज सकाळी आपल्या हातात येत होती आणि रोज सकाळी आपण ती बाजूला टाकत होतो. तिने त्याला तेव्हाही काही सांगितलं नाही. तेलाचे हात धुवायचं निमित्त करून ती मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. सोमवारी सकाळी साखळीतून खरं नाव पुढे द्यायचं, एवढं तिने नक्की केलं. रविवारी साखळी नसते, सगळेच देवळात असतात.

रविवार उजाडला. आत्या महिनाभराने देवळात आली होती, शेजाऱ्याने गाडीतून आणून सोडली होती. ती चष्मेवालीच्या शेजारीच बसली, पर्समधून डबी काढून कानात यंत्र घातलं आणि चष्मेवालीच्या हातावर थोपटलं. पहिल्या बाकावर मुकादमीण एकटी बसली होती. तिचे केस नीट विंचरलेले नव्हते. मुकादमाची जागा रिकामी होती.

पहिलं गाणं झालं, वाचन झालं. मग सगळ्यांसाठी मागण्या करायची वेळ आली तेव्हा पाळकसाहेबांनी पाळकीणबाईंना पुढे बोलावलं. आपली मंडळी कशी प्रार्थना करते हे सगळ्यांना कळावं, असं त्यांना वाटत असावं. पाळकीणबाई म्हणाल्या की साखळीतल्या बहिणींनी उभं राहावं. इकडेतिकडे बायका उभ्या राहिल्या. चष्मेवाली उभी राहिली, आत्या तिचा दंड धरून उठली. पाळकीणबाई मुकादमिणीकडे बघून बोलल्या, "वहिनी, मागे वळून बघा. या अकरा जणी मंगळवारपासून रोज सकाळी मुकादमांच्या वाचेसाठी गुडघ्यावर आहेत. एक दिवस खंड नाही."

आत्या कुजबुजली. आता ऐंशी वर्षांच्या बहिऱ्या बाईची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

"मुकादमासाठी? मी तर हिच्या नवऱ्यासाठी करत होते. रोज हीच सांगायची ना मला."

देवळात दीडशे माणसं होती आणि एकही खोकलं नाही. पाळकीणबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बेकरीवालीने खाली बघितलं. सगळ्यांच्या माना हळूहळू चष्मेवालीकडे वळल्या आणि मग सगळ्यांना हिशोब लागला. दहावी ती. अकरावीला तीच सांगणार. आत्या एकीकडून दुसरीकडे बघत होती. "काय झालं?" तिने विचारलं.

पाळकसाहेब भला माणूस, पण अशा वेळी त्यांना एकच उपाय माहीत होता. ते म्हणाले, "आपण गाऊ या," आणि मास्तराला कुठलं तरी पान सांगितलं. पेटी सुरू झाली, लोक उठले. पाच कडव्यांचं लांब गाणं होतं, स्तुतीचं. सगळे जरा मोठ्यानेच गायला लागले. चष्मेवालीने पुस्तक उघडलं नाही. तिच्याशिवाय सूर खाली खाली सरकत चालला होता आणि मास्तर तिच्याकडे आशेने बघत होता.

मुकादमीण पहिल्या बाकावरून निघाली ती मधल्या वाटेने सरळ मागे आली. एखादी भांडायला आली असती. ही आली आणि बाकाच्या कडेला तिच्यासमोर उभी राहिली. भोवती इतकं गाणं चाललं होतं की दोन हातांवरच्या माणसाला त्यांचं बोलणं ऐकू गेलं नसतं.

"तुम्ही पण केली नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"एक दिवस पण?"

"एक दिवस पण नाही."

मुकादमिणीने मान हलवली, जणू तिला तसंच वाटलं होतं. "ते रात्रंदिवस खुणा करतात," ती म्हणाली. "मला एकही कळत नाही. आता करा. इथे, माझ्यासमोर."

चष्मेवालीला पळून जावंसं वाटलं. पण एका बाजूला आत्या होती, दुसऱ्या बाजूला ही. "वहिनी, मला सगळे करतात तशी करता यायची नाही," ती म्हणाली. "आणि मला जशी येते तशी तुम्हाला ऐकवायची नाही."

"येते तशी करा."

तिसरं कडवं सुरू झालं होतं. चष्मेवालीने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर ती गायला लागते तसं सुरात, सुंदर काहीतरी बोलली असती, आणि तिला ते नको होतं. समोरच्या बाईच्या दोन्ही हातांकडे बघत ती बोलली.

"देवा, हा माणूस मला आवडत नाही. तो बरा व्हावा असं मला वाटत नाही. पण त्याला मरू देऊ नकोस. त्या दिवशी पट्टे मिळाले नव्हते हे त्याला माहीत आहे. तो न बोलता गेला तर माझा नवरा मरेपर्यंत निष्काळजी राहील. त्याची जीभ सोडव. मग पुढचं तुझं तू बघ. पण तो बोलेपर्यंत त्याला ठेव. मी विनवते तुला. ठेव त्याला."

तिचा आवाज फाटला होता. शेवटचं वाक्य तिने परत म्हटलं, आणि परत. तीन वर्षांत देवाशी ती इतकं खरं बोलली नव्हती आणि बोलली ती त्याच माणसाच्या जिवासाठी, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तिने बाकाची पाठ धरली.

मुकादमीण आता काय करेल ते तिला कळेना. थोबाडीत मारेल, निघून जाईल, पाळकसाहेबांना सांगेल. तिच्या नवऱ्याला भर देवळात खोटं ठरवलं होतं, त्याच्यासाठी प्रार्थना म्हणून. मुकादमीण मान खाली घालून उभी होती. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही.

"सामानाच्या खोलीची किल्ली त्या दिवशी आमच्या घरी राहिली होती," ती म्हणाली. "टेबलावर. त्यांच्या मागे धावत गेले, पण ते निघून गेले होते. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, कुणाला बोलू नकोस. मी तीन वर्षं कुणाला बोलले नाही."

चष्मेवाली तिच्याकडे बघत राहिली. ज्यासाठी रंगारी तीन वर्षं छताकडे बघत पडून होता ते हे. आणि ते इतकंसं होतं, एका टेबलावर विसरलेली किल्ली.

"खुणा कळत नाहीत म्हणाले ना मी तुम्हाला," मुकादमीण म्हणाली. "एक कळते. हवेत असा हात फिरवतात, कुलूप उघडल्यासारखा. मी न कळल्यासारखं करते."

शेजारी आत्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. गाण्याच्या गोंगाटात तिला यंत्राने काहीच ऐकू येत नव्हतं. पण कुणीतरी प्रार्थना केली आणि ती संपली, एवढं तिला दिसत होतं, आणि शेवटचा शब्द कुणीच म्हटला नव्हता. तिने मुकादमिणीला कोपराने ढोसलं. मुकादमिणीने डोळे मिटले.

"आमेन," ती म्हणाली. "आणि आज दुपारी मला तुमच्या घरी घेऊन चला. ते बोलतील की नाही माहीत नाही. मी बोलते."